विद्यापीठाचं संकेतस्थळ सुगम करताय? आधी परिपत्रकं बघा

मुखपृष्ठ नंतर. अंध विद्यार्थी अडतो तो परिपत्रकांवर. सही-शिक्क्यासह स्कॅन करून चढवलेली पीडीएफ स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, लेखी नुसतं चित्र असते; परीक्षेचं वेळापत्रक ऐकूच येत नाही. मूळ वर्ड फाइलमधूनच पीडीएफ काढा. मजकूर युनिकोडमध्येच हवा, कारण जुन्या कृतिदेवसारख्या फॉन्टमधलं मराठी निरर्थक अक्षरांसारखं वाचलं जातं.

मग एवढंच:
- पानाची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये नोंदवा.
- माउस बाजूला ठेवून, फक्त कीबोर्डने प्रवेशअर्ज भरून बघा. टॅब कुठे अडकतो ते लगेच कळेल.
- अक्षरं आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१.

‘अक्षर मोठं करा’ची बटणं लावली म्हणजे काम झालं, असं मात्र समजू नका; सुरुवातीला बरेच जण इथेच चुकतात. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे. आजच उतरवून घ्या आणि स्क्रीन बंद ठेवून एक परिपत्रक ऐका.