पहाटे चारला झोप, सकाळची लेक्चर्स बुडीत

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातला. पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहतो. दोन विषयांत केटी लागली, घरी सांगितलेलं नाही. पहाटे चारला डोळा लागतो, लेक्चर्स बुडतात. समुपदेशकाकडे गेलो तर घरी कळेल का? गोळ्या सुरू करतील का?
– एक वाचक

उत्तर : आधी झोपेचं बघ, मग केटीचं. 'आजपासून अकराला झोपायचं' असा पण करू नकोस. चारची सवय लागलेल्याला अकराला झोप येत नाही, आणि तासन्‌तास कूस बदलत पडलं की अंथरुणाचीच धास्ती बसते. उठायची वेळ बांधून घे : साडेसात, रविवारीसुद्धा. उठल्यावर अर्धा तास बाहेर उजेडात. डुलकी घेतलीच तर २० मिनिटं, दुपारी तीनच्या आत. शेवटचा चहा दोनला. कॅफिन निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाच्या कटिंगमधलं निम्मं अकरालाही अंगात असतं. पहिले चार-पाच दिवस डोळ्यांवर झापड येईल, तेव्हा गाडी चालवू नकोस. घोडं अडतं ते रविवारी. बारापर्यंत ताणून दिली की आठवड्याची कमाई गेली.

समुपदेशक गोळ्या देत नाहीत, ते काम मनोविकारतज्ज्ञांचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ नुसार उपचार करणाऱ्यांनी तुझी माहिती गुप्त ठेवायची असते. जिवाला धोका दिसला तर अपवाद. कॉलेजातल्या नोंदी कोण बघतं, हे मात्र पहिल्याच भेटीत स्पष्ट विचार.

दोन आठवडे बहुतेक दिवस कशातच मन लागत नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांना दाखव. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ मात्र सुरुवातीलाच होऊ शकते. मुलं नेमकी तेव्हाच गोळी सोडतात आणि 'उपयोग नाही' म्हणतात. न विचारता बंद करू नये.

घरी फोनवर तीनच गोष्टी सांग : विषय कोणते, परीक्षा कधी, फॉर्मची फी किती. पहिल्या फोनला बोलणी बसतील, बसू देत. लपवण्यात जेवढा जीव जातो तेवढ्यात एक विषय निघाला असता, असं आमचं स्पष्ट मत.

मध्यरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही. आणि जगूच नये असं मनात येत असेल, तर वर सांगितलेले दोन आठवडे थांबायचं नाही. रूममेटला उठव, त्याला सोबत घेऊन जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.