पत्नीच्या टीएफएसएत ४०,००० डॉलर भरले, आता काय?

प्रश्न : आम्ही कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात राहतो. पत्नी ऑगस्ट २०२२ मध्ये भारतातून पहिल्यांदाच इथे आली. ती नोकरी करत नाही. मार्च २०२५ मध्ये तिचं टीएफएसए (कॅनडातलं करमुक्त बचत खातं) उघडून माझ्या बचतीतले ४०,००० डॉलर त्यात भरले. तिचं दुसरं टीएफएसए नाही. मित्र म्हणतो, यावरचं उत्पन्न माझ्याच नावावर धरलं जाईल. खरं आहे का? आणि हे पैसे कायद्याने कोणाचे?

उत्तर : मित्र म्हणतो तो नियम आहे. जोडीदाराला दिलेल्या पैशावरचं व्याज, लाभांश किंवा शेअर विकून झालेला नफा कॅनडात देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. पण टीएफएसएला त्यातून सूट आहे. रक्कम पत्नीच्या टीएफएसएत भरण्याच्या मर्यादेत हवी आणि खात्यातच राहायला हवी, एवढंच. बाहेर काढून साध्या खात्यात गुंतवली, की नियम पुन्हा लागू होतो.

तुमची खरी अडचण मर्यादेत आहे. २०२५ पर्यंतचा १,०२,००० डॉलरचा आकडा सगळीकडे छापलेला असतो. तो २००९ पासून सलग कॅनडात राहणाऱ्या आणि तेव्हा १८ पूर्ण असलेल्या माणसाचा. बाहेरून आलेल्याची मोजणी तो रहिवासी झाला त्या वर्षापासून होते. ते पहिलं वर्ष मात्र पूर्ण धरतात, ऑगस्टमध्ये आलं तरी. म्हणजे २०२२ चे ६,०००, २०२३ चे ६,५००, २०२४ आणि २०२५ चे ७,००० - ७,०००. एकूण २६,५००. तुम्ही १३,५०० जास्त भरलेत. बँक हे तपासत नाही, त्यामुळे पैसे बिनबोभाट जमा झाले. नव्याने आलेल्या आपल्या कितीतरी कुटुंबांची हीच गफलत होते.

जादा रकमेवर दरमहा १ टक्का कर लागतो, तोही त्या महिन्यातल्या सर्वांत मोठ्या जादा रकमेवर. म्हणजे मार्च ते डिसेंबर २०२५ असे दहा महिने, दरमहा १३५, एकूण १,३५० डॉलर. जानेवारी २०२६ ला नवे ७,००० मिळाल्यावर जादा ६,५०० उरले, म्हणजे महिन्याला ६५. हा कर तुमच्यावर नाही, पत्नीवर बसतो.

म्हणून ६,५०० डॉलर याच महिन्यात काढा. एक तारीख उलटली की आणखी एक महिना मोजला जाईल. काढलेले पैसे पत्नीने आपणहून तुमच्या खात्यात परत द्यावेत, म्हणजे त्यावरच्या व्याजाचा घोळ राहणार नाही. २०२५ च्या जादा रकमेवरच्या करासाठी आरसी२४३ हा फॉर्म पत्नीच्या नावाने ३० जून २०२६ पर्यंत भरायचा. सोबत पत्र जोडा : चूक कशी झाली, कळल्यावर लगेच पैसे कसे काढले, बँकेचा उतारा. चूक समजण्यासारखी असेल आणि जादा रक्कम विनाविलंब काढली असेल, तर सीआरए (कॅनडाची कर वसूल करणारी सरकारी यंत्रणा) कर माफ करू शकते. माफी मिळेलच असं धरून मात्र चालू नका. सीआरएच्या संकेतस्थळावर दिसणारी मर्यादा आदल्या वर्षीचा भरणा नोंदवायला वेळ घेते, त्यामुळे हिशेब स्वतःच्या वहीत ठेवा.

इथून पुढे पैसे आधी पत्नीच्या साध्या खात्यात द्या. तिथून टीएफएसएत त्यांनी स्वतः भरावेत. कायद्याने भरणा फक्त खातेदारच करू शकतो.

आता मालकी. पैसे पत्नीचे. तुम्ही ती भेट म्हणून दिली असेल, तर परत मागता येत नाही. मात्र विभक्त झालात, तर ऑन्टारियोत विवाहित जोडप्यांच्या संपत्तीची वाढ वाटणीसाठी मोजताना हे खातंही धरतात. नवऱ्याने दिलेली भेट म्हणून ते वगळलं जात नाही. लग्न न केलेल्या जोडप्यांना हा हिशेब आपोआप लागू होत नाही.

शेवटी, खात्यावर तुमचं नाव ‘सक्सेसर होल्डर’ (पुढचा खातेदार) म्हणून लावून घ्या, नुसतं लाभार्थी म्हणून नको. त्याने पत्नीच्या पश्चात खातं करमुक्त स्थितीतच तुमच्या नावावर येतं आणि तुमची स्वतःची मर्यादा शाबूत राहते. भारतात कायमचं परतायचा विचार असेल, तर तिथून या खात्यात एक डॉलरही भरू नका, दरमहा १ टक्का तेव्हाही लागतो. शिवाय तुम्ही भारताचे पूर्ण रहिवासी झालात, की तिथला आयकर कायदा या खात्याला करमुक्त मानत नाही.