पंप बदलायचा आहे, पण रात्रीची भीती वाटते

‘मॅडम, जुन्या पंपाची आम्हाला आता सवय झाली आहे. नवा लावला आणि रात्री झोपेत पोराची शुगर लो झाली, तर आम्ही गावात काय करायचं?’ टाइप-१ मधुमेह असलेल्या, अंगावरच्या छोट्या पंपातून नळीने त्वचेखाली सतत इन्सुलिन घेणाऱ्या मुलांचे पालक हा प्रश्न मला वारंवार विचारतात. या वेळी तो विचारणारी आई यवतमाळ जिल्ह्यातील एका गावातून आली होती. मुलगा नववीत, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) जुन्या पंपाचा हमीकाळ संपला होता आणि नागपूरच्या डॉक्टरांनी साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरला जोडलेला, साखरेचा कल पाहून इन्सुलिन आपोआप कमी-जास्त करणारा पंप सुचवला होता.

आईची भीती निराधार नव्हती, पण ती एकाच बाजूने विचार करत होती. साखर घसरू लागली की असा पंप इन्सुलिन कमी करतो किंवा काही काळ थांबवतो, त्यामुळे रात्रीच्या बाबतीत तो जुन्या पंपापेक्षा अधिक सावध असतो. दुसऱ्या बाजूचा धोका मात्र पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. पंपात फक्त जलद काम करणारे इन्सुलिन असते, शरीरात दीर्घकाळ टिकणारा साठा नसतो. म्हणून नळी दुमडली किंवा त्वचेखालची कॅन्युला (इन्सुलिन आत सोडणारी बारीक नळी) निघाली, तर काही तासांतच साखर चढते, कीटोन (इन्सुलिन कमी पडले की शरीरात साचणारी आम्ले) वाढू लागतात आणि उलट्या सुरू झाल्यावर घरच्यांना वाटते की मुलाचे पोट बिघडले. नव्या पंपाची सवय होईपर्यंत ही चूक होण्याची शक्यता अधिक असते. म्हणून कीटोन तपासण्याच्या पट्ट्या आणि इन्सुलिनचे पेन घरात व दप्तरात हवेच. आपल्याकडे इन्सुलिन एका मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन तीव्रतांत मिळते. पंपात १०० चेच भरायचे असते, हे तालुक्याच्या औषध दुकानातून बाटली आणणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

हे सगळे आईने वहीत उतरवून घेतले. मुलगा गप्प होता. पँटच्या आतून आईने शिवलेल्या कापडी खिशातला पंप तो अंगठ्याने चाचपत होता. मी आई-वडिलांना बाहेर बसायला सांगितले, तेव्हा त्याने पहिल्यांदा तोंड उघडले. त्याला नव्या यंत्राची भीती नव्हती. सेन्सरचे आकडे आईच्या मोबाइलवर दिसणार, हे त्याला नको होते. ‘आता घरी आल्यावर विचारते, मग शाळेतच फोन येईल, काय खाल्लंस म्हणून.’ कबड्डीच्या सरावानंतर मित्रांबरोबर खाल्लेल्या समोशाचे बोलस, म्हणजे खाण्यासाठी पंपातून द्यायचा इन्सुलिनचा जादा डोस, तो कधीकधी देत नव्हता, हेही त्याने सांगितले. विसरत होता म्हणून नव्हे, तर पंपातली नोंद पाहून घरी विचारणा होईल म्हणून.

माझ्या मते पंप बदलण्यातला खरा कठीण भाग हाच आहे. आपोआप चालणाऱ्या पंपातही जेवणाचे बोलस मुलालाच द्यावे लागते आणि ज्या मुलाला प्रत्येक आकड्याचा जाब द्यावा लागतो, ते मूल ते लपवू लागते. पंप किती चांगला आहे, याने यात काही फरक पडत नाही.

पुढच्या भेटीत तिघांना समोरासमोर बसवले. बरीच घासाघीस झाली; आई एकदा रडली. अखेर असे ठरले की साखर ७० च्या खाली गेल्याचा किंवा बराच वेळ चढी राहिल्याचा इशारा आईच्या मोबाइलवर येईल आणि तेव्हा ती फोन करेल. इतर वेळी शाळेत फोन नाही. संध्याकाळी दोघे मिळून आकडे पाहतील आणि ‘काय खाल्लंस?’ ऐवजी ‘बोलस दिलंस का?’ एवढेच विचारले जाईल. समोसा बंद होणार नाही, त्याचे कर्बोदक मोजायला मुलाने शिकायचे, हेही त्यात आले.

वेळेबाबत मी आग्रही होते. सहामाही परीक्षेच्या तोंडावर किंवा घरात कापूस वेचणीची धावपळ असताना पंप बदलू नये. पहिले काही दिवस मध्यरात्रीही साखर तपासावी लागते आणि डॉक्टरांच्या चमूशी फोनवर बोलणे व्हावे लागते. जुन्या पंपातले बेसलचे (दिवसरात्र हळूहळू जाणाऱ्या इन्सुलिनचे) तासवार दर, किती कर्बोदकांना किती इन्सुलिन याचे प्रमाण, साखर उतरवण्याचा हिशेब हे सगळे मुलाने स्वतःच्या हाताने चौकटीच्या वहीत उतरवले. जुने आकडे नव्या पंपात जसेच्या तसे घालायचे नसतात, ते डॉक्टरच ठरवतात. तरी पंप बंद पडला तर तीच वही कामी येते. विदर्भातल्या उन्हाळ्याबद्दलही बोलणे झाले, कारण वीज गेली की ही आई इन्सुलिनची बाटली डबीत घालून ओल्या मातीच्या मडक्यात ठेवत असे. ते योग्यच होते. फक्त अंगावरच्या पंपाला थेट ऊन लागू नये, एवढी भर मी घातली.

नवा पंप लागल्यानंतर एकदा कबड्डीत सेट (पंपाची नळी आणि कॅन्युला) उखडला. शाळेतून घरी पहिला फोन मुलानेच केला: साखर ३२० वर, कीटोन तपासले, डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे पेनने इन्सुलिन घेतले, आता नवा सेट लावतो आहे. आईने विचारले, ‘मी येऊ का?’ तो म्हणाला, ‘दोन तासांनी परत तपासून सांगतो, तेव्हा ठरव.’ ती थांबली, आणि सांगितलेल्या वेळी त्याने फोन केला.