लाल आणि निळा मिसळून जांभळा येत नाही, चिखल येतो. मूळ रंग तीनच असतात हे चुकीचं आहे का?

तुमची मुलगी यंदा चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसतेय, शाळेत शिकवल्याप्रमाणे रंग मिसळते आणि मातकट काहीतरी हाती येतं, म्हणून नवा महागडा संच घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. मी नागपुरातच डिझाइनचं काम करतो, मुलांना चित्रकला शिकवतो. संच घेऊ नका. सीताबर्डीच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानातून क्रिमसन हा लाल आणि अल्ट्रामरीन हा निळा, अशा दोन सुट्या बाटल्या आणा, काम होईल.

बाटलीतला कुठलाच लाल नुसता लाल नसतो. व्हर्मिलियन, स्कार्लेट हे नारंगीकडे झुकलेले, म्हणजे त्यांच्यात पिवळ्याचा अंश आलाच. प्रशियन ब्लू हिरवटाकडे झुकतो, तिथेही पिवळा. हे दोघं एकत्र आले की लाल आणि निळ्यासोबत पिवळाही गुपचूप येऊन बसतो आणि तिन्ही मूळ रंग जमले की तपकिरी-करडं होणारच. क्रिमसन मात्र गुलाबीकडे झुकतो, अल्ट्रामरीन जांभळ्याकडे. त्यांच्यात पिवळ्याला जागाच कमी. मिश्रण सुरुवातीला जवळजवळ काळं दिसेल, घाबरू नका. ब्रशच्या टोकाइतका पांढरा घाला, जांभळा उघडा पडतो.

हिरव्याचंही तसंच. लेमन यलो आणि प्रशियन ब्लू मिसळला तर पोपटी, टवटवीत हिरवा. क्रोम यलो आणि अल्ट्रामरीन घेतला तर मळकट, शेवाळी. पण झाडं रंगवायला हा मळकटच जास्त उपयोगी, बरं का! पोपटी रंगात रंगवलेला कडुनिंब प्लास्टिकचा वाटतो.

तीन मूळ रंगांचा नियम चुकीचा नाही, ढोबळ आहे. छपाईवाले निळा-लाल वापरतच नाहीत, सायन (हिरवट निळा), मजेंटा (गडद गुलाबी), पिवळा आणि वर काळा वापरतात. मोबाइलच्या पडद्यावर लाल, हिरवा, निळा. तिथे उजेड मिसळतो, म्हणून लाल आणि हिरवा मिळून पिवळा होतो. पडद्यावर झगझगीत दिसणारं संत्रं फ्लेक्सवर उतरलं की कोमेजतं, तेही यामुळेच: तेवढा तेजस्वी नारंगी त्या चार शायांना जमत नाही. गिऱ्हाईक मात्र भांडतं डिझाइनरशी.

संत्र्याचा विषय निघालाच आहे, तर मुलीला एक खरं संत्रं खिडकीशी ठेवून रंगवायला सांगा. सावलीच्या बाजूला मुलं हमखास काळा लावतात आणि फळ सडकं दिसायला लागतं. नारंगीच्या समोरचा, म्हणजे विरोधी रंग निळा. नारंगीतच थोडा थोडा निळा मिसळत गेलं की रंग विझत विझत तांबूस तपकिरी होतो, पण फळ जिवंत राहतं. पिवळ्यात तर काळा चुकूनही नको, तो सरळ हिरवट होतो. मग तेच संत्रं आधी निळ्या आणि मग लाल कागदावर ठेवून बघा. निळ्यावर पेटल्यासारखं दिसेल, लालवर पिवळट. रंग तोच, शेजार बदलला. पॅरिसच्या गोबेलिन्स या चित्रगालिचे विणणाऱ्या कारखान्यात काळे धागे फिके दिसतात अशी तक्रार होती. शेवरल या रसायनशास्त्रज्ञाने तपासलं तर रंगात खोट नव्हती, बाजूच्या धाग्यांमुळे तसं भासत होतं. त्यावरचा त्याचा ग्रंथ 1839 मध्ये निघाला.

रंगचक्र पाठ करून घेण्यावर शिक्षकांचा फार भर असतो. मला विचाराल तर त्यातला निम्मा वेळ गडद-फिकं ओळखण्याला द्यावा. चित्र झालं की मोबाइलवर त्याचा कृष्णधवल फोटो काढा. लाल फूल आणि हिरवं पान फोटोत एकाच करड्यात विरघळलं, तर दुरून ते चित्र सपाटच दिसणार, रंग कितीही भडक असोत. तान्ह्या पोळ्याला इतवारीत मारबत, म्हणजे मिरवणुकीतला तो भला मोठा पुतळा, बघायला गेलात तर तिला दाखवा: एवढ्या गर्दीत पिवळी मारबत लांबूनही उठून दिसते, कारण पिवळा हा सगळ्या शुद्ध रंगांत सर्वांत उजळ. म्हणूनच पांढऱ्या कागदावर पिवळ्या अक्षरांची पाटी वाचता येत नाही आणि काळ्यावर लगेच वाचता येते. परीक्षेच्या संकल्पचित्रात पिवळ्याभोवती गडद जांभळा किंवा निळा ठेवायला सांगा. तो जांभळा आता तिला करता येईलच.