गाडीच्या अडचणीच्या जागांसाठी छोटं पॉलिशर कोणतं घ्यावं?

तुमच्याकडे पाच इंची डीए (ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे पॅड गोल फिरता फिरता झोकेही घेणारं पॉलिशर) आहे, घरच्याच दोन गाड्या करायच्यात, पण आरसे, काचांमधले खांब आणि बंपरचे खळगे तसेच राहतात, असं तुम्ही लिहिलंय. मग मशीन बघण्याआधी गाडी धुवा, टॉर्च मारा आणि जिथे जिथे पाच इंची पोचत नाही तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा. माझ्या गाडीवर एकोणीस तुकडे लागले. त्यातल्या पंधरा जागी तीन इंची पॅड बसत होतं.

म्हणून माझं मत तीन इंची डीए. थ्रो, म्हणजे पॅडच्या झोक्याची रुंदी, 12 किंवा 15 मिमी असावा. रुपेस कंपनीच्या छोट्या ‘एलएचआर 75’ पॉलिशरचा थ्रो 15 मिमी आहे. त्याच कंपनीच्या ‘नॅनो’ नावाच्या पॉलिशरला 30 आणि 50 मिमीची पॅडं लागतात, 3 आणि 12 मिमी थ्रो मिळतो, रोटरीही होते, म्हणजे झोका न घेता पॅड नुसतं जागेवर गरगर फिरतं. हातात घेतलं की सोडवत नाही, हे कबूल. पण ते रोज गाड्या करणाऱ्याचं हत्यार. घरच्या दोन गाड्यांसाठी एवढा खर्च मी करणार नाही.

रोटरीबद्दल मात्र जपून. पॅड लहान असलं की सगळी उष्णता रुपयाएवढ्या जागेत साठते, आणि कडांवर रंगाचा थर मुळात पातळ. पत्र्यासारखी प्लॅस्टिकमधून उष्णता पसरतही नाही. मी काळ्या आरशाच्या कडेवर दोन इंची रोटरी फार तर पाच-सहा सेकंद जास्त धरली. पॅड उचललं तर कडेला चिंचोक्याएवढा करडा प्रायमर माझ्याकडे बघत होता. गाडी मेव्हण्याची. आरशाचं कव्हर रंगवून दिलं, पण दिवाळीत अजून विषय निघतोच. आता मी कडांना आधी टेप लावतो, मगच मशीन चालू.

डीएचा दोष उलटा. वळणावर जरा जोर दिला की पॅड फिरायचं थांबतं, नुसतं थरथरतं, आणि आपल्याला वाटतं काम चाललंय. पॅड ज्या चकतीवर चिकटतं त्या बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ मारून ठेवा. रेघ दिसेनाशी झाली म्हणजे फिरतंय; दिसली की हात हलका करा.

पाच इंची मशीनलाच तीन इंची प्लेट लावून भागेल का, असंही विचारलंय. आटे जुळले तर बसेल. पण आतलं काउंटरवेट (तोल सांभाळणारं वजन) मोठ्या प्लेटच्या वजनाला जुळवलेलं असतं, त्यामुळे मशीन हादरतं आणि दहा मिनिटांत मनगट बधिर होतं. कंपनीने त्याच मॉडेलला दोन्ही प्लेटी दिल्या असतील तरच करा.

हार्डवेअरच्या दुकानात कुणी चार इंची ग्राइंडरला फोम पॅड लावून देतो म्हणाला तर नको म्हणा. वेग कमी-जास्त करता येत नसलेला ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो, रंग जळायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा वेग आवरता येणाऱ्या ड्रिलला दोन इंची पॅड बरं. स्पॉयलरखालच्या पट्टीसाठी मी तेच वापरतो, अगदी सावकाश.

आणि दाराच्या कडीमागच्या वाटीला मशीन नकोच. नखांचे ओरखडे असतात ते. बोटाला मायक्रोफायबर गुंडाळा, वाटाण्याएवढं पॉलिश घ्या आणि चोळा. चार दारांना माझा अर्धा तास जातो.