शेवटच्या टेकआधी

(एका मोठ्या मनोरंजन वाहिनीच्या क्रिएटिव्ह टीममध्ये सात वर्षे काम करणाऱ्या वाचक भगिनी विचारतात: श्रेय वरिष्ठ घेतात, बढती लांबते, दर गुरुवारी रेटिंग येण्याआधी पोटात गोळा येतो. नोकरी सोडावी का?)

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले. वरिष्ठांविषयीची तुमची तक्रार खरी असेलही, परंतु आपण किती राबतो हे सांगण्याच्या ओघात तुम्ही एक वाक्य लिहून गेला आहात: ‘परवा गोरेगावच्या सेटवर पॅकअपला रात्रीचा एक वाजला, मालिकेतली आमची सात वर्षांची छोटी तर माझ्या मांडीवरच झोपली आणि शेवटच्या टेकसाठी तिला उठवावे लागले.’ पुढच्याच ओळीत तुम्ही बढतीकडे वळलात. मला तिथून पुढे जाता आले नाही.

‘उठवावे लागले’ असे तुम्ही लिहिता. कोणी उठवले, ते लिहीत नाही. मांडी तुमची होती, तेव्हा हातही तुमचाच असणार.

बालकामगार कायद्याखालील २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा अधिक काम करून घेता येत नाही. त्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. ही जबाबदारी निर्मात्याची आहे, असे तुम्ही म्हणाल. कागदावर ती आहेच. पण गुरुवारी आकडा घसरला की कथानकाला कलाटणी द्यायचा निरोप तुमच्याच खोलीतून जातो, नवा सीन दुपारी उशिरा सेटवर पोहोचतो, हाताशी आधीच चित्रित करून ठेवलेले भाग नसतात आणि दुसऱ्या दिवशीच्या टेलिकास्टसाठी रात्रीतून चित्रीकरण उरकावे लागते. त्यात मोठ्या कलाकारांची शिफ्ट संपत आलेली असते, म्हणून त्यांचे शॉट आधी घेतले जातात. जिला घड्याळ दाखवून ‘मी निघते’ असे म्हणता येत नाही, ती मागे राहते.

तिची आई तिथेच बसलेली होती, असेही तुम्ही म्हणाल. त्या आईला एकच भीती असते, ‘कटकट करते’ असा शिक्का बसून मुलीची भूमिका जाईल ही. तिच्या गप्प बसण्याला संमती समजू नका. त्या सेटवर वाहिनीचा माणूस म्हणून तुमच्या शब्दाला वजन होते आणि तो शब्द तुम्ही उच्चारला नाहीत, याचा मला राग आला आहे. तरीही, तिला मांडी देण्याइतकी माया तुमच्यात आहे, हे मी विसरलेले नाही. ती नसती तर हे उत्तर मी लिहिलेच नसते.

तेव्हा एकच करा. उद्याची कॉलशीट (कोणी किती वाजता सेटवर यायचे याचे वेळापत्रक) मंजुरीसाठी आली की त्या मुलीचे सगळे सीन सकाळी पहिल्यांदा लावून घ्या, तिच्या नावापुढे येण्याच्या वेळेबरोबर सुटण्याची वेळही लिहायला लावा आणि ती वेळ झाली की सीन अर्धा राहिला तरी तिला गाडीत बसवून द्या. कोणी कारण विचारले, तर नियमाचा हवाला देऊन लेखी कळवा आणि त्याची प्रत वरिष्ठांनाही पाठवा. ते रागावतील, बढती आणखी लांबेल, हेही शक्य आहे.

नोकरीच्या प्रश्नाचे उत्तर मी आज देणार नाही. ती मुलगी सलग पंधरा दिवस वेळेवर घरी गेली, की मला पुन्हा लिहा.