भोपळ्याचा केक मधूनच बसतो, काय करू?

प्रश्न : ताई, नवरात्रात सासूबाईंचे नऊ दिवस उपास असतात, घरात केक झाला की सगळे खातात आणि त्या राजगिऱ्याची वडी घेऊन बसतात, मला ते बघवत नाही. म्हणून धान्य अजिबात न घालता बदामाची पूड आणि लाल भोपळ्याचा केक करून बघितला, अंडं अर्थातच नाही. दोनदा केला, दोन्ही वेळा वरून लालबुंद, आत लगदा, मध्ये खड्डा आणि कापायला गेलं की नुसता भुगा. कुठे चुकतंय?
– एक वाचक, घंटाळी, ठाणे

उत्तर : अगं, सासूबाईंसाठी एवढा जीव टाकतेयस, केक जमलाच पाहिजे! हे बघ, मैद्यात ग्लुटेन असतं, ते पीठ धरून ठेवतं. बदामाला ते नाही आणि तू अंडंही घालत नाहीस, मग मोठ्या टिनमधला केक मधे बसणारच. म्हणून मोठा केक सोडून दे, मफिनच्या साच्यात छोटे छोटे कर, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

दुसरं म्हणजे भोपळ्याचं पाणी. जांभळी नाक्याला कापलेली फोड मिळते ती गडद केशरी बघून घे, किसून चमचाभर तुपावर परत आणि कढईत पाणी सुटायचं थांबून कीस गोळा व्हायला लागला की मगच उतरव, वाफवून लगेच घातलास तर लगदाच होणार. बदाम फ्रीजमध्ये गार करून मिक्सर थांबत थांबत फिरव, सलग फिरवलास की तेल सुटतं आणि पुडीचं लोणी होतं, माझं एकदा पाव किलो असंच गेलंय.

आता माप : बदाम पूड 150 ग्रॅम, शिंगाड्याचं पीठ 50, परतून झालेला भोपळा 150, किसलेला गूळ 100, तीन चमचे तूप, पाव कप दही, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, वेलची-जायफळ. आणि एक मोठा चमचा इसबगोल, हाच इथे अंड्याचं काम करतो, सासूबाईंना उपासाला चालतो का ते मात्र आधी विचार. सगळं कालवून दहा मिनिटं ठेव म्हणजे इसबगोल फुगतो, सोडा मात्र अगदी शेवटी. बेकिंग पावडर नकोच, तिच्यात बहुतेक वेळा मक्याचा स्टार्च असतो, म्हणजे धान्य मागच्या दाराने आत! बदाम पटकन लाल होतो म्हणून ओव्हन 180 नाही, 160 वर ठेव, पंचवीस-तीस मिनिटं. आणि गरम असताना हात लावायचा नाही हं, पूर्ण गार झाल्याशिवाय ते घट्ट होत नाहीत, तुझा भुगा बहुतेक इथेच होतोय. ऑक्टोबरमधल्या आपल्या दमट हवेत बाहेर ठेवलेस तर दुसऱ्या दिवशी चिकट होतात, उरलेले फ्रीजमध्ये टाक.

प्रश्न : माझ्या मुलाला सीलिएक (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार) आहे, डॉक्टरांनी गहू पूर्ण बंद केलाय. उपासाचं भगरीचं पीठ वापरून बिस्किटं केली तर ती धान्याशिवायची म्हणता येतील का?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : नाही, भगर म्हणजे वरी, ते गवतवर्गातलं तृणधान्यच आहे, उपासाला चालतं म्हणून बिनधान्याचं होत नाही. राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा हे खरे बिनधान्याचे. पण तुमच्या मुलाच्या बाबतीत धान्य की बिनधान्य यापेक्षा ग्लुटेन महत्त्वाचं, आणि भगरीत मुळात ग्लुटेन नसतं. मला काळजी वाटते ती गिरणीची. ज्या जात्यावर दिवसभर गहू दळला जातो त्यातूनच तुमची भगर किंवा राजगिरा निघाला तर पिठात गहू आलाच, आणि सीलिएकमध्ये तेवढाही चालत नाही. भगर असो की राजगिरा, निवडून घरच्या मिक्सरमध्ये दळा, तोही असा की ज्यात गव्हाचं काहीच फिरवत नाही, चाळणी वेगळी ठेवा, आणि विकतचं पीठ घेताना पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलंय का ते बघूनच घ्या.